हळदीने कॅन्सरची पेशी मेली म्हणे! ती बातमी कशी वाचायची

आमचे भावोजी पहाटे पावणेसहाला उठतात आणि सहाच्या आत कुटुंबाच्या ग्रुपवर काहीतरी टाकून मोकळे होतात. मागे एकदा टाकलं, ‘हळदीतील घटकाने कॅन्सरच्या पेशी 24 तासांत नष्ट.’ खाली बारा जणांचे जोडलेले हात. दुपारपर्यंत तीच बातमी फिरत फिरत आमच्या मजल्यावर पोचली आणि समोरची सुनीता मोबाइल घेऊन दारात उभी. तिच्या मिस्टरांची केमो चालू होती. ‘ताई, तुम्ही लॅबमध्ये होतात ना? हे खरं आहे का? मी कॅप्सूल मागवल्यात.’

‘खरं आहे,’ मी म्हटलं. तिचा चेहरा उजळला आणि मला माझीच जीभ चावावीशी वाटली. कारण बातमी खरी होती, फक्त सुनीताला हवी होती ती ही बातमी नव्हती.

मी शास्त्रज्ञ नाही. परळच्या एका प्रयोगशाळेत 26 वर्षं टेक्निशियन होते. लालबागहून चालत जायचं, एप्रन चढवायचा आणि दिवसभर कॅन्सरच्या पेशी पोसायच्या. पोसायच्या म्हणजे अक्षरशः. 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी गुलाबी मीडिया, म्हणजे पेशींचं पातळ अन्न, बदलायचा, त्यात वासराचं सीरम घालायचं. माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी मी तिच्यापेक्षा हेला पेशींची उठाठेव जास्त केली, असं ती अजून ऐकवते. (हेला म्हणजे 1951 साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गाठीतून घेतलेल्या पेशी. बाई त्याच वर्षी गेली, पेशी अजून वाढतायत.) तेव्हा अशी बातमी आली की काय करायचं, ते मी सुनीताला जसं सांगितलं तसंच इथे लिहिते.

पहिलं काम, पेशी कुठे मेली ते शोधा. बातमीत ते सहसा नसतं. पण कुठल्या तरी विद्यापीठाचं किंवा मासिकाचं नाव असतं. ते आणि पदार्थाचं इंग्रजी नाव पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या साइटवर, टाका. फुकट आहे, मोबाइलवर उघडतं. मूळ लेखाचा सारांश समोर येतो. सगळं समजायची गरज नाही. फक्त दोन-तीन शब्द हुडकायचे. ‘इन व्हिट्रो’ किंवा ‘सेल लाइन’ दिसलं तर पेशी बशीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यात, मेली. ‘झेनोग्राफ्ट’ किंवा ‘माइस’ दिसलं तर उंदरात. ‘पेशंट्स’, ‘रँडमाइज्ड’ दिसलं तर माणसात, तेव्हा खुर्ची ओढून नीट वाचायला बसा. आणि वर ‘रिट्रॅक्टेड’ अशी पट्टी दिसली तर तो लेख मागे घेतलाय, तिथेच सोडा. कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या त्या घटकाच्या, बाबतीत ही पट्टी बघायला विसरू नका. याच विषयावर मोठं नाव कमावलेल्या एका संशोधकाचे अनेक पेपर मागे घेतले गेले आहेत.

बशीत पेशी मारणं किती सोपं आहे, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका पानाचा अर्क तपासत होतो. 96 खाचांची प्लास्टिकची प्लेट असते, तळहाताएवढी. प्रत्येक खाचेत काही हजार पेशी. त्यावर अर्क घालायचा, दोन दिवस थांबायचं, मग एमटीटी नावाचं पिवळं द्रावण टाकायचं. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करतात. मेलेल्या पेशी काहीच करत नाहीत, पिवळं पिवळंच राहतं. त्या दिवशी प्लेट उचलली तर डावीकडून उजवीकडे जांभूळ ते हळदी-कुंकवातली हळद अशी सुंदर उतरण. जास्त अर्क, जास्त मरण. मी धावतच सरांकडे गेले. सर खूश. कोणीतरी पेढे आणले. तीन दिवस मी हवेत.

चौथ्या दिवशी सर माझी वही चाळत माझ्या टेबलाशी आले. ‘अर्क कशात विरघळवलात?’ डीएमएसओमध्ये, मी म्हटलं. हे द्रावक हाताला लागलं तर थोड्या वेळाने तोंडात लसणाची चव येते, इतकं ते झरझर आत शिरतं. ‘वरच्या डोसच्या खाचेत डीएमएसओ किती गेलं?’ मी हिशेब केला. 5 टक्के. ‘आणि नुसत्या डीएमएसओच्या खाचेत?’ 0.1 टक्का. सर काही बोलले नाहीत, वही ठेवून गेले. 5 टक्के डीएमएसओने कुठलीही पेशी मरते. अर्क बिचारा नुसता बघत बसला होता. पेढे मात्र पचले होते.

म्हणून सांगते. बशीत लिंबाचा रस घाला, मीडिया गुलाबीचा पिवळा होईल आणि पेशी मरतील. भांडी घासायच्या साबणाचं पाणी घाला, आणखी लवकर मरतील. आणखी एक गंमत म्हणजे काही वनस्पतींचे अर्क स्वतःच एमटीटीचं जांभळं करतात, पेशी असोत नसोत. तिथे मेलेल्याही जिवंत दिसतात. त्यामुळे लेखात बघायचं ते हे, की निरोगी पेशींवरही तोच प्रयोग केला का, आणि दोघींच्या मरणात फरक पडला का. कॅन्सरची पेशी आणि चांगली पेशी एकाच डोसला मरत असतील तर त्याला औषध म्हणत नाहीत, विष म्हणतात.

दुसरं काम हिशेबाचं. इथे बहुतेक बातम्या गळतात. लेखात मात्रा ‘मायक्रोमोलर’ अशी दिलेली असते, म्हणजे द्रावणात पदार्थ किती आहे याचं माप. घाबरू नका, आकडा तेवढा टिपून घ्या. कर्क्युमिनच्या बशीतल्या प्रयोगांत तो साधारण 10 ते 50 असतो. आता विचारायचं, पोटातून घेतल्यावर रक्तात किती पोचतं?

याचं उत्तर आहे. तैवानमध्ये कॅन्सरपूर्व व्रण असलेल्या किंवा धोका जास्त असलेल्या 25 जणांना शुद्ध कर्क्युमिन तोंडाने देऊन बघितलं, 2001 साली ते छापून आलं. दिवसाला 8 ग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तात जास्तीत जास्त पातळी सरासरी 1.77 मायक्रोमोलर झाली, तीही तास-दोन तासांत, मग उतरत गेली. 8 ग्रॅमच्या पुढे जाता आलं नाही, कारण एवढ्या गोळ्या गिळायला माणसं तयार होईनात. म्हणजे बशीत 20 लागतं आणि रक्तात 2 सुद्धा होत नाही.

बरं, हे झालं शुद्ध कर्क्युमिन. हळदीत ते असतं साधारण 3 टक्के. 8 ग्रॅम कर्क्युमिन हवं तर रोज पाव किलोहून जास्त हळद पोटात जायला हवी. मे महिन्यात आम्ही लालबागच्या मसाला बाजारातून वर्षाची हळद आणतो, ती एक किलो. म्हणजे घरादाराची वर्षाची हळद एकट्याने चार दिवसांत संपवायची. सुनीता हसली तेव्हा मला जरा बरं वाटलं.

‘पण माझ्या कॅप्सूलमध्ये मिरी आहे, त्याने जास्त शोषलं जातं,’ ती म्हणाली. हेही खरं. 1998 साली बंगळूरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, देऊन दाखवलं की रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीस पटीने वाढतं. पण ते का वाढतं? पिपरिन शरीराची ती पदार्थ मोडून बाहेर टाकायची यंत्रणा मंदावतं. आणि ती यंत्रणा काय एकट्या कर्क्युमिनसाठी बसवलेली नाही. केमोची कितीतरी औषधं तिथूनच जातात. दार अर्धं लावलं तर आतल्या सगळ्यांचीच अडचण होते.

आता मरणाच्या प्रकाराकडे वळू. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे थोडी जास्त रेंगाळणार आहे.

लेखात ‘अपॉप्टोसिस’ हा शब्द आला की लोकांना वाटतं, मारण्याचं काहीतरी भारी नवं तंत्र. खरं तर आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी असंच मरतात. 1972 मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ पानगळ. आमच्या चाळीसमोर देशी बदामाचं झाड आहे. थंडी सरता सरता त्याची पानं लालभडक होतात आणि एकेक करून सुटतात. फांदीला जखम होत नाही. अपॉप्टोसिस तसाच. पेशी आतल्या आत आकसते, कॅस्पेज नावाची प्रथिनं तिचे पद्धतशीर तुकडे करतात, तुकडे पुड्यांत बांधले जातात आणि शेजारच्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. गाजावाजा नाही.

दुसरं मरण म्हणजे नेक्रोसिस. पावसाळ्यात जुनी चाळ कोसळते तसं. आधीच्या प्रकारात बिल्डर भाडेकरू हलवतो, दारं-खिडक्या काढतो, मग पाडतो. इथे सगळं सामान रस्त्यावर. पेशीतला माल बाहेर सांडतो, सूज येते, आरडाओरडा होतो.

प्रतिकारशक्तीचा संबंध इथे येतो. नीटनेटक्या मरणात ती सहसा शांत राहते, कारण कळवण्यासारखं काही झालेलंच नसतं. पण काही औषधांनी पेशी अशा मरतात की मरता मरता पोलिसांना फोन लावून जातात. डॉक्सोरुबिसिन, ऑक्सॅलिप्लॅटिन ही त्यातली केमोची औषधं. मरणारी पेशी कॅल्रेटिक्युलिन हे एरवी आत असणारं प्रथिन आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवते, म्हणजे ‘मला खा’ अशी पाटीच. ती वाचून भक्षक पेशी तिला खातात आणि तिच्या ओळखखुणा टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांना, दाखवतात. मग टी पेशी तशाच उरलेल्या पेशी शोधायला निघतात.

आता सांगा, बशीत टी पेशी असतात का? नसतात. त्यात फक्त कॅन्सरच्या पेशी आणि मीडिया. मग बशीतल्या प्रयोगावरून ‘इम्युनिटी वाढते’ कसं म्हणता येईल? उंदराचंही तेच. माणसाची गाठ उंदरात रुजवायची तर उंदराची प्रतिकारशक्ती आधीच अधू असावी लागते, नाहीतर तो ती परकी म्हणून फेकून देतो. म्हणून केस नसलेले, थायमस ग्रंथी नसलेले ‘न्यूड’ उंदीर वापरतात. त्यांच्यात टी पेशी जवळपास नसतातच. तेव्हा झेनोग्राफ्टच्या बातमीत इम्युनिटी शब्द दिसला, की लाल पेनाने गोल करा.

आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ हा शब्द तर माझ्या डोक्यात जातो. कॅन्सरमध्ये अडचण बऱ्याचदा ताकदीची नसते, ब्रेकची असते. गाठ टी पेशींचा ब्रेक दाबून धरते. तो ब्रेक सोडवायची वाट दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. ब्रेक सुटल्यावर कधी कधी टी पेशी आतड्यावर, थायरॉइडवरही चालून जातात. काढा पिऊन ‘वाढवायची’ अशी ही गोष्टच नव्हे. आपल्याकडे पवईच्या आयआयटीने टाटा मेमोरियलसोबत नेक्सकार19 ही उपचारपद्धत केली, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तिला मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना गाठ ओळखायला शिकवून परत सोडतात. ती रक्ताच्या ठरावीक कॅन्सरसाठीच आहे. प्रतिकारशक्तीवर खरं काम असं होतं.

तिसरं काम, माणसात काय झालं ते बघणं. बशीत आणि आकडेवारीत छान दिसलेल्या गोष्टी माणसात कधी कधी उलटतात. गाजर-पपईतल्या बीटा कॅरोटीनचं घ्या. फळं-भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, म्हणून फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली, काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी. 1994 मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त. गाजराने कोणाचं काही बिघडलं नव्हतं, बिघडवलं गोळीने.

‘नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना,’ असं म्हणणाऱ्यांना मी सुपारी दाखवते. झाडावर येते, पूजेला लागते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 च्या अहवालात तिला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, तंबाखू न घालतासुद्धा. उलट कुंडीतली सदाफुली बघा. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन काढलं, त्याने मुलांचा रक्ताचा कॅन्सर बरा करायला मोठी मदत केली. पण ते शिरेतून देतात, एका वेळी जास्तीत जास्त 2 मिलिग्रॅमपर्यंत, मोजून मापून. म्हणून कोणी सदाफुलीची पानं चावत बसू नये. सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांना हे सांगून माझा घसा बसलाय.

आपल्या परळचीच एक बातमी या पद्धतीने वाचून दाखवते. फेब्रुवारी 2024 मध्ये टाटा मेमोरियलच्या 100 रुपयांच्या गोळीने सगळे ग्रुप भरून गेले होते. गोळीत रेस्व्हेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीत असतं ते, आणि तांबं. कल्पना अशी की उपचाराने मरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी रंगसूत्रांचे तुकडे बाहेर टाकतात, ते चांगल्या पेशींत घुसून त्यांना बिघडवतात. ही जोडी ऑक्सिजनचे तिखट कण तयार करून त्या तुकड्यांचा चुरा करते. मरणाऱ्या पेशीचं मागे उरलेलं सामान असं उपद्रवी असू शकतं, ही कल्पना मला फार लक्षवेधी वाटली. पण बातमी खालपर्यंत वाचणाऱ्यालाच दिसलं की दुष्परिणाम कमी होतात का हे उंदीर आणि माणूस दोघांत तपासलंय, कॅन्सर परत येणं थांबतं का हे मात्र फक्त उंदरांत, आणि माणसांवरच्या चाचणीला आणखी पाचेक वर्षं लागतील. संध्याकाळपर्यंत आमच्या ग्रुपवर त्याचं झालं, ‘द्राक्षं खा आणि तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्या.’

त्याच वर्षी नोव्हेंबरात एका माजी क्रिकेटपटूने हळद, कडुनिंब, लिंबूपाण्याने पत्नीचा कॅन्सर बरा झाल्याचं सांगितलं, तेव्हा टाटाच्या आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांनी सहीनिशी पत्रक काढलं. या पदार्थांवर संशोधन चालू आहे, पण कॅन्सरवर उपाय म्हणून शिफारस करण्याजोगा पुरावा आज नाही, असं त्यात होतं. कोणी असा दावा पाठवला की मी तेच पत्रक पाठवते.

खाण्याने काहीच होत नाही, असं माझं म्हणणं नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ब्रेक सोडवणारी औषधं घेणाऱ्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, रुग्णांचं खाणं विचारलं. दिवसाला निदान 20 ग्रॅम तंतुमय पदार्थ खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. दुकानातली प्रोबायोटिकची पाकिटं घेणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावर इमले बांधू नका. पण ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खायला कोणाच्या परवानगीची गरज पडू नये. केमो चालू असताना कच्चं काय खायचं, काय नाही, ते मात्र डॉक्टर सांगतील तसंच.

आता घरात पेशंट असेल तर. सुनीताकडून मी जे करून घेतलं, ते असं.

कॅप्सूलचा डबा उलटा करून वाचला. त्यावर 14 आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक होता. म्हणजे कायद्याने ही वस्तू खाद्यपदार्थात मोडते, औषधात नाही. कॅन्सरवर गुणकारी असल्याची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून डब्यावर फक्त ‘पेशींचे आरोग्य’ असं गुळमुळीत लिहिलेलं असतं. उरलेलं काम फॉरवर्ड करतात. मग एका चिठ्ठीवर लिहून काढलं: कर्क्युमिन किती, पिपरिन किती, दिवसातून किती वेळा, कधीपासून, सोबत काढे-चूर्ण काय काय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तेही. लिव्हरचे रिपोर्ट जोडले, कारण जास्त मात्रेच्या हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत झाल्या आहेत. हिरव्या चहाचा अर्कही तिने घेऊन ठेवला होता. तोही लिहिला. त्यातला घटक बॉर्टेझोमिब या कॅन्सरवरच्या औषधाला चिकटून त्याचं काम बंद पाडतो, असं 2009 मध्ये बशीत आणि उंदरांत दिसलं होतं. तिच्या मिस्टरांना ते औषध नव्हतं, पण हे आपण ठरवायचं नसतं.

‘डॉक्टर ओरडतील,’ ती म्हणत होती. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, त्यात पेशंटला विचारायची लाज वाटते आणि घरचे लपवतात, हे मी 26 वर्षं त्या रस्त्यावरून जाता-येता पाहिलंय. म्हणून डबाच पिशवीत टाकून न्यायला सांगितला. टेबलावर ठेवायचा आणि एकच प्रश्न, ‘हे चालू ठेवू का, कधीपासून चालेल?’

डॉक्टर ओरडले नाहीत. डबा फिरवून पिपरिनवर बोट ठेवलं आणि केमो संपेपर्यंत बंद म्हणाले. आमटीतली हळद चालेल का, हे तिने दारातून मागे वळून विचारलं. ते हसले म्हणे. चालेल.

काल सहाला पाच कमी असताना भावोजींनी डाळिंबावर टाकलं. मी खाली एवढंच लिहिलं, ‘भावोजी, बशीत की माणसात?’ दोन निळ्या टिका आल्या, मग दिवसभर शुकशुकाट. रात्री उत्तर आलं, ‘बशीत. पण डाळिंबं आणलीत, खायला या वहिनी.’